आधी ऐकावे, मग बोलावे

आपल्या शाळेतील मुले आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातील अंतराळवीराशी रेडिओवरून बोलत आहेत, या कल्पनेची कोणत्याही शिक्षकाला भुरळ पडेल. 'एरिस' या उपक्रमातून असा पहिला संवाद २१ डिसेंबर २००० रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या एका शाळेने साधला. त्यानंतर अनेक देशांतील शाळांना ही संधी मिळाली. पण हौशी रेडिओ-उपग्रहांची ओळख करून देताना सुरुवात येथून करावी का?

उपक्रमाचे मोल मोठे आहे, यात शंका नाही. एका फेरीत स्थानक क्षितिजाच्या वर जेमतेम दहा मिनिटे असते. तेवढ्या वेळासाठी नेमके प्रश्न तयार करण्याची शिस्त मुलांना लागते. परंतु अँटेना फिरवणे, वारंवारिता सांभाळणे ही कामे अनुभवी हौशी रेडिओचालक करतात. काही वेळा तर संपर्क दूरच्या केंद्रातून होतो आणि आवाज टेलिफोनने शाळेत आणला जातो. मुले कागदावरचा प्रश्न वाचतात, उत्तर ऐकतात, टाळ्या वाजतात. प्रयोग दुसऱ्यांचा आणि मुले पाहुणी, असे याचे स्वरूप होते.

याच्या शेजारी 'ऑस्कर-१' ठेवून पाहा. १२ डिसेंबर १९६१ रोजी सोडलेला हा पहिला हौशी उपग्रह जेमतेम ४.५ किलोग्रॅमचा होता. मोर्स संकेतात 'एच' आणि 'आय', म्हणजे आधी चार टिंबे आणि मग दोन, एवढेच तो पुन्हा पुन्हा सांगे. पण त्या संकेतांचा वेग उपग्रहाच्या आतील तापमानानुसार बदलत असे. ज्याच्याजवळ रिसीव्हर आणि घड्याळ होते, त्याला अंतराळातले तापमान मोजता येत होते. २८ देशांतील ५७० हून अधिक हौशी मंडळींनी आपली निरीक्षणे कळवली. त्यासाठी त्यांना एक शब्दही प्रक्षेपित करावा लागला नाही.

आपल्यालाही हे करता येईल. प्रक्षेपणासाठी परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. म्हणून जवळच्या परवानाधारक हौशी रेडिओचालकाला शाळेत बोलवावे. स्थानकावरील आवाज १४५.८०० मेगाहर्ट्झवर येतो. तो प्रत्येक फेरीत ऐकू येईलच असे नाही, तेव्हा चिकाटी हवी. संगणकाला जोडलेल्या रिसीव्हरच्या पडद्यावर स्थानक उगवताना वारंवारिता सुमारे ३.५ किलोहर्ट्झने जास्त आणि मावळताना तेवढीच कमी दिसते. दर अर्ध्या मिनिटाला नोंद करून आलेख काढावा. तो जेथे सर्वांत वेगाने उतरतो, त्या क्षणी स्थानक आपल्याला सर्वांत जवळ असते. पुस्तकातला डॉप्लर परिणाम मुलांच्या स्वतःच्या वहीत उतरतो.

'एरिस'वरचा आक्षेप म्हणूनच त्याच्या हेतूवर नाही, क्रमावर आहे. वर्षभर अशा नोंदी ठेवलेल्या वर्गाच्या हाती शेवटी माईक द्यावा. त्या दहा मिनिटांत काय घडते आहे, हे मग मुलेच पाहुण्यांना समजावून सांगतील.