समीक्षा आणि हितसंबंध

समीक्षा ही ग्रंथ आणि वाचक यांच्यातील मध्यस्थी होय. त्यामुळे समीक्षकाचे ग्रंथाशी असलेले नाते वाचकास ज्ञात असणे अगत्याचे ठरते. ब्रिटिश इतिहासकार ऑर्लँडो फायजेस यांनी ॲमेझॉनवर टोपणनावाने स्वतःच्या ग्रंथाची स्तुती व प्रतिस्पर्ध्यांच्या ग्रंथांची निंदा केल्याचे २०१० मध्ये मान्य केले. २०१२ मध्ये कादंबरीकार आर. जे. एलरी यांनीही तशीच कबुली दिली. येथे प्रश्न मतांच्या खरेखोटेपणाचा नाही. स्वतःविषयीचे अनुकूल मत यथार्थही असू शकते. परंतु ते कोणाचे, हे कळल्याखेरीज वाचकास त्याचे मोल ठरविता येत नाही. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जारी करून सशुल्क शिफारशींवर तसा स्पष्ट निर्देश आवश्यक मानला. प्रस्तावनाकारच परीक्षणकार होतो, तेव्हा हीच अपेक्षा मराठी ग्रंथपरीक्षणालाही लागू पडते. हितसंबंध सांगितल्याने समीक्षेचे मूल्य घटत नाही; ते पारखण्याचा वाचकाचा अधिकार मात्र अबाधित राहतो.