‘शेरनी’ आणि यवतमाळची वाघीण

अमित मसुरकर यांचा ‘शेरनी’ हा हिंदी चित्रपट जून २०२१ मध्यें घरोघरच्या पडद्यावर आला, तेव्हां त्यांतील ‘टी-१२’ वाघीण मूळची कोणत्या रानांतली, हें यवतमाळकरांस सांगावें लागलें नाहीं. पांढरकवडा-राळेगांव भागांतील ‘टी-१’, अर्थात् अवनी, २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्रीं बोराटीनजीक गोळीस बळी पडली होती. तिचीं दोन पिल्लें, खाजगी शिकाऱ्यास केलेलें पाचारण, वनविभागाच्या प्रमुखपदीं असलेली स्त्री, हा सारा ऐवज येथलाच.

कथा मध्य प्रदेशांत नेली, याबद्दल आमची तक्रार नाहीं. वाघिणीच्या वाटेवर तांब्याची खाण आणून ठेवली, हा बदल तर मार्मिकच. सत्य सांगण्यासाठीं कलावंतास घटना हलवाव्या लागतात. पण त्या हलविल्यानें कोणाची अडचण दूर झाली, हें टीकाकारानें विचारलें पाहिजे.

चित्रपटांतील शिकारी उघड उघड मृगयालोलुप, पुढारी संधिसाधू आणि नायिका निष्कलंक! राग कोणाचा करावा, याचा प्रेक्षकास क्षणभरहि विचार करावा लागत नाहीं. वास्तवांत प्रश्न इतका सोपा नव्हता. वनखात्यानें १३ माणसांचे मृत्यू टी-१ च्या नांवावर मांडले होते. त्यांतले खरोखर तिचे किती, यावर वाद झाला. आधीं बेशुद्ध करून पाहावें, न साधल्यास गोळी घालावी, या आदेशांत हस्तक्षेप करण्यास सर्वोच्च न्यायालयानें सप्टेंबर २०१८ मध्यें नकार दिला. प्रत्यक्ष गोळी झाडतांना मात्र नियम मोडले गेले, असें पुढें चौकशींत निघालें. ती मेल्याचें कळतांच गांवांत फटाके वाजले आणि शहरांत निषेधाचे मोर्चे निघाले. आदेश कायदेशीर, त्याची अंमलबजावणी संशयास्पद, आणि मधोमध कापसाच्या शेतांत जीव मुठींत धरून जाणारा मजूर: खरें नाट्य या तिढ्यांत होतें. चित्रपटांत गांवकरी दिसतात, बोलतातहि. परंतु मृतांचीं घरें आपल्या परिचयाचीं होत नाहींत.

नायिकेची बदली पेंढा भरलेल्या प्राण्यांच्या संग्रहालयांत होते, तो अखेरचा प्रसंग आम्हांस सर्वांत सरस वाटला. तत्पूर्वीं दोन्ही पिल्लें जिवंत सांपडतात व प्रेक्षकाचें समाधान होतें. अवनीची मुलगी डिसेंबर २०१८ मध्यें पकडून पेंचला नेण्यांत आली. मार्च २०२१ मध्यें तिला रानांत सोडलें, आणि त्याच महिन्यांत दुसऱ्या वाघिणीशीं झालेल्या झुंजीनंतर ती मेली. चित्रपट लोकांसमोर येण्यास तेव्हां तीन महिने अवकाश होता.