मळलेल्या हातांची कैफियत

रुग्णसेवेविषयी आपल्याकडे जे लेखन प्रसिद्ध होते, ते बहुधा गौरवपर असते. सेवा करणारा देवदूतासारखा, रुग्ण कृतज्ञ आणि वातावरण प्रार्थनामय! असे लेखन वाचून मन क्षणभर भारावते. परंतु ज्यांच्या घरी वर्षानुवर्षे कुणी अंथरुणाला खिळलेले आहे, त्यांना त्यात आपले घर दिसत नाही. अशा वाचकांनी आवर्जून वाचावे असे एक छोटेखानी लेखन इंग्रजी साहित्यात आहे. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याने २५ फेब्रुवारी १८९० रोजी सिडनीहून लिहिलेले, फादर डेमियन यांची बाजू मांडणारे खुले पत्र ते हेच.

पत्रामागची हकिकत थोडक्यात अशी. कुष्ठरुग्णांना समाजापासून वेगळे करण्याचा कायदा हवाई बेटांवर १८६५ साली झाला आणि घरादारापासून तोडलेली माणसे मोलोकाई बेटावर धाडली जाऊ लागली. बेल्जियमचे फादर डेमियन १० मे १८७३ रोजी तेथे पोहोचले. जखमा धुणे, मलमपट्टी करणे, घरे बांधणे, शवपेट्या तयार करणे, हे सारे त्यांनी स्वहस्ते केले. अखेरीस तोच रोग जडून १५ एप्रिल १८८९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर काही महिन्यांतच होनोलुलूचे प्रॉटेस्टंट पाळक डॉ. हाइड यांनी आपल्या एका सहधर्मी मित्राला पत्र लिहिले आणि ते वृत्तपत्रात छापून आले. डेमियन खेडवळ, घाणेरडे, हट्टी आणि धर्मांध होते, असे त्यात म्हटले होते. त्यांच्या चारित्र्यावरही शिंतोडे उडवले होते. स्टीव्हन्सन स्वतः प्रेस्बिटेरियन घराण्यातला, आयुष्यभर छातीच्या विकाराने त्रासलेला. डेमियन यांच्या निधनानंतर काही आठवड्यांतच तो मोलोकाईवर आठवडाभर राहून आला होता. (‘डॉ. जेकिल आणि मिस्टर हाइड’ ही त्याची प्रसिद्ध कथा १८८६ची. नावाचे साम्य हा निव्वळ योगायोग.)

हाइड यांचा एकेक शब्द उचलून स्टीव्हन्सन उत्तर देतो. ही रचना वकिली वाटते; परंतु वकील जे करणार नाही ते तो करतो. बहुतेक आरोप तो मान्य करून टाकतो. डेमियन खेडवळ होते? असतील, प्रेषित पेत्र तरी कुठे नागर होता! घाणेरडे होते? होय, पण त्याची अडचण रुग्णांना वाटली नाही, वाटली ती दूर सुंदर घरात जेवणाऱ्या डॉक्टरसाहेबांना. एवढ्यावर न थांबता स्टीव्हन्सन स्वतःच्या टिपणवहीतील मजकूर पुढे ठेवतो. मुलांच्या वसतिगृहाची दुरवस्था काही अंशी डेमियन यांच्या गबाळेपणामुळे झाली होती, हे तो लपवत नाही. चॅपमन नावाच्या इंग्लंडमधील अँग्लिकन धर्मगुरूंनी पाठवलेला निधी त्यांनी प्रथम केवळ कॅथलिकांसाठी खर्चायचे ठरवले होते, हेही तो सांगतो. समोरासमोर दीर्घ आणि स्पष्ट बोलणे झाल्यावर डेमियन यांनी आपली चूक पूर्णपणे कबूल केली व यादी बदलली, अशी त्याची नोंद आहे.

माझ्या मते या पत्राचे खरे सामर्थ्य येथे आहे. दोष झाकून उभी केलेली थोरवी पहिल्या निंदेसरशी ढासळते. दोषांसह उभा केलेला माणूस ढळत नाही. शिवाय चॅपमन यांच्या पैशाच्या प्रसंगातून एक विवेकही हाती लागतो. सेवकाच्या चुका दाखवू नयेत असे नाही. त्या त्याला, त्याच्या तोंडावर, त्याच्या कामाची कळकळ असणाऱ्याने दाखवाव्यात. हाइड यांनी त्या तिसऱ्याला लिहून कळवल्या, तेही ज्याच्याविषयी लिहिले तो मातीआड झाल्यावर.

असले पत्र आपल्याही घराघरांतून लिहिले जाते. फक्त त्याला कागद लागत नाही. सून सासूचे अंथरूण धुते, दिवसातून चार वेळा तिची कूस बदलते, रात्री उठते. एखाद्या दिवशी तिचा आवाज चढतो. रविवारच्या मिस्सानंतर फळांची पिशवी घेऊन आलेले नातलग पाऊण तास खुर्चीत बसतात आणि परतताना वाटेत त्या चढलेल्या आवाजाचीच चर्चा करतात. त्यांचे कपडे स्वच्छ असतात आणि बोलणेही सौम्य असते. स्टीव्हन्सनचे पत्र वाचल्यावर आपण त्या खुर्चीत बसलेलो नाही ना, याचा विचार वाचकाला करावाच लागतो.

तरीही या पत्रात दोन उणिवा आहेत. पहिली त्याच्या रागाची. तो राग अनेकदा न्यायाची सीमा ओलांडून सूडाकडे झुकतो. हे स्टीव्हन्सनलाही उमगले होते. त्याच वर्षी एका खाजगी पत्रात त्याने आपल्या कठोरपणाबद्दल खेद व्यक्त केला. बचाव तितकाच जोरकस केला असता, पण हयात माणसांना कमी दुखावले असते, असा त्याचा आशय होता. या लेखनाचे मानधन घेण्यास त्याने ठाम नकार दिला होता, हेही येथे नमूद करावयास हवे.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. पत्रात रुग्णांना चेहरा नाही. किनाऱ्याकडे जाणाऱ्या होडीत मूकपणे रडणारी व्रतस्थ भगिनी आपल्या लक्षात राहते. रुग्ण मात्र विद्रूपतेचा भयाण समुदाय म्हणूनच येतात. डेमियन यांचे धैर्य उजळावे म्हणून ते काळोखासारखे मागे उभे आहेत. वास्तविक स्टीव्हन्सनने तेथील आजारी मुलींना क्रोके हा खेळ शिकवला होता आणि नंतर त्यांच्यासाठी पियानोही पाठवला होता. त्या मुलींचे हसणे या पत्रात ऐकू येत नाही. याउलट, स्वतःला रोग जडण्याच्या पुष्कळ आधीपासून डेमियन प्रवचनात रुग्णांना ‘तुम्ही’ न म्हणता ‘आपण’ म्हणत आणि स्वतःची गणना त्यांच्यातच करीत. हे सर्वनाम स्टीव्हन्सनच्या पत्राला साधलेले नाही.

ख्रिस्ती दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. मत्तयच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायात प्रभू येशू स्वतःला सेवकाच्या नव्हे, आजाऱ्याच्या जागी ठेवतो. म्हणून रुग्ण हा आपल्या पुण्यसंचयाचे साधन नाही. भेट त्याची असते.

ख्रिस्तसभेने ११ ऑक्टोबर २००९ रोजी डेमियन यांना संत म्हणून घोषित केले. मोलोकाईवर त्यांच्यानंतरही सेवा करीत राहिलेल्या मदर मरियान कोप यांना तोच मान २०१२ साली मिळाला. आता डेमियन यांना वकिलाची गरज नाही. आपल्या शेजारच्या घरात रात्री जागणाऱ्या माणसाला मात्र आहे; आणि त्याहूनही अधिक गरज आहे ती एक रात्र त्याच्या जागी उशाशी बसणाऱ्याची.