रजेचे गणित आणि विषाणूचे दिवस

अमेरिकेत मार्च २०२० मध्ये झालेल्या कोविड-रजेच्या कायद्याकडे आपण शिक्षकाच्या बाजूने पाहू. पूर्णवेळ कर्मचाऱ्याला त्याने ८० तासांची पगारी रजा दिली, म्हणजे कामाचे दहा दिवस. रुग्णाच्या संपर्कात आलेल्याने वेगळे राहण्याची मुदत तेव्हा १४ दिवसांची होती. त्यातले शनिवार-रविवार वगळले की उरतात बरोबर दहा. वर्गात एक रुग्ण निघाला की रजा खलास! दुसऱ्यांदा संपर्क आला, तर साठवलेल्या आजारपणाच्या रजेत हात घालायचा. (३१ डिसेंबर २०२० नंतर तर या रजेची सक्तीही उरली नाही.)

बदली शिक्षक अपुरेच होते. मग ऑगस्टमध्ये, शाळा उघडताना, तिथल्या अंतर्गत सुरक्षा खात्याच्या यादीत शिक्षक 'अत्यावश्यक कर्मचारी' झाले. यादी सल्लावजा असली तरी तिच्या आधारे, लक्षणे नसलेल्या संपर्कितांना कामावर बोलावण्याची वाट मोकळी झाली. आमचा आक्षेप इथे आहे. लक्षणे दिसण्याआधीही लागण पसरते, हे तोवर कळून चुकले होते. विषाणूचा अधिशयन काळ माणसाचा हुद्दा पाहून थोडाच कमी होतो? तूट माणसांची होती; ती भरून काढली वैद्यकीय नियम सैल करून.

मूल सांभाळण्याच्या रजेची तऱ्हा आणखीच वेगळी. मुलाची शाळा दिवसाआड भरत असेल, तर बंद दिवसापुरती रजा, दोन-तृतीयांश पगारावर. शाळा उघडी असून लागणीच्या भीतीने पालकांनीच घरून शिकण्याचा पर्याय घेतला, तर ही रजा नाही.