सासवन्याची म्हैस

शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर म्हटलं की लोक पुण्याचा घोडा सांगतात. श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा, १९२८ चा, साडेतेरा फुटी आणि एकसंध ओतलेला. कौतुक करण्यासारखंच आहे ते. लिओनार्दोलाही मिलानमध्ये घोडा एकाच ओतात करायचा होता. मातीचा नमुना तयार झाला, पण जमवलेलं कांस्य तोफांकडे गेलं. एवढ्या मोठ्या साच्यात रस वाटेत निवाला तर सगळीच मेहनत वाया. अखंडतेचं अप्रूप आम्हा जैनांना जुनंच. श्रवणबेळगोळचा ५७ फुटी बाहुबली एकाच शिळेतला. तिथे नको तेवढा दगड काढत जायचं, इथे सगळं एका दमात भरायचं.

तरी पण मला विचाराल तर करमरकरांचं खरं धाडस घोड्यात नाही, सिमेंटात आहे.

त्यांचा जन्म १८९१ चा, अलिबागजवळ सासवन्याचा. देवळाच्या भिंतीवर पोरानं काढलेले शिवाजी महाराज कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी बघितले आणि त्याला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये धाडलं. पुढे कलकत्त्याला स्टुडिओ, लंडनला शिक्षण, मोठमोठी कामं. थोरामोठ्यांचे पुतळे मला तितके भिडत नाहीत. चेहरा हुबेहूब, कोटाची घडी जागच्या जागी, पण माणूस फोटोला बसल्यासारखा. ते काम गिऱ्हाइकाचं, त्याला इलाज नाही म्हणा.

सासवन्याच्या शिल्पालयातली म्हैस कुणी मागितलेली नव्हती. सिमेंट म्हणजे आपल्याकडे हौदाला, ओट्याला लावायची वस्तू. संगमरवरासारखं ते उजेड पीत नाही, ब्राँझसारखं चमकत नाही. करमरकरांनी तोच रुक्षपणा कातड्याच्या कामी लावला. आमच्या हळ्ळीखेडला (बी) म्हैस घेताना माणसं आधी लांबून बघतात, मग पाठीवरून हात फिरवतात. या म्हशीपुढेही हात आपोआप पुढे होतो. ब्राँझमध्ये ती देखणी झाली असती, पण शोभेची. हा जडपणा, ही सुस्ती तिच्यात उरली नसती.

त्यांची कोळीणही अशीच, कुणाची देवी न झालेली.

मांडव्याच्या धक्क्यापासून सासवने जवळ आहे. गेलात तर थोरामोठ्यांचे पुतळे मागून बघा, आधी म्हशीकडे जा. आणि तिला सगळीकडून फिरून बघा, मागूनसुद्धा.