देहधारण, ख्रिस्ती
देहधारण, ख्रिस्ती : ईश्वराचा सनातन शब्द येशू ख्रिस्ताच्या ठायी खराखुरा मनुष्य झाला, असे प्रतिपादन करणारा ख्रिस्ती धर्मशास्त्रातील मूलभूत सिद्धांत. मराठीत त्यासाठी ‘अवतार’ ही संज्ञाही योजली जाते. तथापि ती पुरेशी नाही. अवतार अनेक असू शकतात व कार्य संपताच त्यांची समाप्ती होते. देहधारण एकदाच घडले आणि त्यात स्वीकारलेले मनुष्यत्व कायम राहिले, अशी ख्रिस्ती धारणा आहे.

आद्य आचार्यांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ ईश्वरस्वरूपाचा नव्हता. मनुष्यस्वभाव म्हणजे काय व त्यात काय बिघडले, यांवर त्याचे उत्तर अवलंबून होते. आयरीनिअसच्या (सु. १३०–सु. २०२) मते आदाम हा बालकासारखा अपक्व होता, ख्रिस्ताने मानवी जीवनाच्या सर्व अवस्थांतून जाऊन आदामाची चुकलेली वाट पुन्हा आक्रमिली. देहाला हीन लेखणाऱ्या नॉस्टिक पंथांना हे उत्तर होते. अ‍ॅथानेशिअसने (सु. २९६–३७३) मर्त्यतेवर भर दिला. शून्यातून निर्माण झालेला मनुष्य पापामुळे पुन्हा शून्याकडे ओढला जातो. त्याला पश्चात्ताप पुरत नाही, निर्मात्यानेच त्याच्यात येऊन त्याला सावरावे लागते. पुत्र हा निर्मित आहे, हे एरिअसचे मत निसीयाच्या धर्मपरिषदेने (३२५) त्याज्य ठरविले, त्यामागे ही भूमिका होती.

खरी कसोटी त्यानंतर लागली. ख्रिस्ताचा देह मानवी, पण त्यात मानवी बुद्धीच्या जागी ईश्वरी शब्द होता, असे अपॉलिनेरिसने मांडले. नाझिआन्झसच्या ग्रेगरीने त्यावर घेतलेला आक्षेप या संपूर्ण वादातील सर्वांत मर्मग्राही म्हणावा लागेल : मनुष्याचे पतन मुळात बुद्धीतच झाले, तोच भाग वगळला, तर रोग तसाच राहून औषध भलतीकडे दिल्यासारखे होते. कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने (३८१) अपॉलिनेरिसचे मत फेटाळले. कॅल्सिडॉनच्या परिषदेने (४५१) एक व्यक्ती व दोन स्वभाव असे सूत्र ठरविले. हे स्वभाव मिसळत नाहीत, बदलत नाहीत, विभागत वा विलग होत नाहीत. चारही विशेषणे नकारार्थी आहेत, हे लक्षणीय होय. सूत्राने कुंपण घातले, आतील गूढ उकलले नाही. कॉप्टिक, सिरियन व आर्मेनियन चर्चनी ते स्वीकारलेही नाही. पश्चिमेत पिलेजिअसविरुद्धच्या वादात ऑगस्टीनने (३५४–४३०) वंशागत पापाचा सिद्धांत रूढ केला. परिणामी देहधारण हे पूर्णत्वापेक्षा उपाययोजना म्हणूनच अधिक ओळखले जाऊ लागले.

मराठीत हा विचार प्रथम विस्ताराने आला तो फादर टॉमस स्टीफन्सच्या क्रिस्तपुराणात (१६१६). त्याच्या पहिल्या पुराणात सृष्टी व आदामाचे पतन आणि दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र आहे. म्हणजे मनुष्याची अवस्था आधी, देहधारण नंतर. शांताराम बंडेलू यांनी संपादिलेली त्याची देवनागरी आवृत्ती १९५६ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाली.

सिद्धांताची अधिक कठोर परीक्षा पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी केली. पुण्यात नेहेम्या (नीळकंठशास्त्री) गोऱ्हे (१८२५–९५) यांच्याशी त्यांचा परिचय झाला होता. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी सिस्टर जेराल्डीन व डॉरोथिया बील यांच्याशी त्रैक्य आणि ख्रिस्ताचे ईश्वरत्व यांविषयी पत्रांतून वाद केला. धर्मगुरूंचा प्रत्येक शब्द मानण्यास त्या बांधील नव्हत्या. जे बायबलमध्ये आढळत नाही, ते त्यांना सक्तीचे वाटत नव्हते. अ‍ॅथानेशिअसच्या नावाने चालणारा मतांगीकार त्यांना मान्य नव्हता. तो अ‍ॅथानेशिअसचा नाही; ती उत्तरकालीन लॅटिन रचना आहे. तीत सूत्र आहे, न मानणाऱ्यास शाश्वत विनाशाची धमकी आहे, पण मनुष्याला या देहधारणाची गरज का पडली, याची मीमांसा नाही. म्हणून रमाबाईंचा आक्षेप त्या सूत्रावर जितका लागू पडतो, तितका आयरीनिअस वा ग्रेगरी यांच्या मूळ युक्तिवादावर पडत नाही. त्यांच्यापुढे आला तो निष्कर्ष; ज्या प्रश्नातून तो निघाला, तो प्रश्न मागे राहिला होता. ही पत्रे ए. बी. शाह यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रकाशित केली.