डीबगरमधील स्टॅटिक ट्रेसिंग प्रोब : एक चिकित्सा

प्रस्तावना :
प्रोग्राम लिहिणे ही एक गोष्ट आणि तो चालू असताना त्याच्या आत नेमके काय घडते आहे हे जाणून घेणे ही निराळी गोष्ट. या दुसऱ्या गरजेतून डीबगर या साधनाचा विकास झाला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिलेला जीडीबी हा मुक्त सॉफ्टवेअरच्या क्षेत्रातील सर्वपरिचित डीबगर होय. ऑगस्ट २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ७.५ या आवृत्तीपासून सिस्टमटॅप पद्धतीच्या स्टॅटिक प्रोबवर थांबण्याची सोय त्यात उपलब्ध झाली. या सोयीचे समर्थन बहुधा वेगाच्या मुद्द्यावर केले जाते. तथापि तिचे खरे महत्त्व वेगात नसून प्रोग्राममधील क्षणाला नाव देण्यात आहे, आणि त्या नावाला डीबगरने अद्याप पुरेसा न्याय दिलेला नाही, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

संकल्पना आणि रचना :
चालू प्रोग्रामचे निरीक्षण दोन प्रकारे करता येते. पहिल्या प्रकारात निरीक्षक बाहेरून येतो आणि हव्या त्या ठिकाणी खूण करतो. डीबगरचा नेहमीचा ब्रेकपॉइंट या प्रकारात मोडतो. दुसऱ्या प्रकारात प्रोग्राम लिहिणाराच महत्त्वाच्या जागा आधी हेरून तेथे कायमची खूण करून ठेवतो. हीच स्टॅटिक प्रोब होय. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीतील ब्रायन कँट्रिल, माइक शपायरो व अ‍ॅडम लेव्हेंथल यांनी विकसित केलेली आणि २००५ मध्ये सोलारिस १० सोबत आलेली डीट्रेस ही प्रणाली दोन्ही प्रकार एकत्र आणणारी ठरली. त्याच वर्षी लिनक्ससाठी सिस्टमटॅप प्रकल्पाचा आरंभ झाला. पुढे त्याने डीट्रेसशी मिळतीजुळती मॅक्रो पुरवली. त्यामुळे एकाच मूळ मजकुरातील खुणा दोन्हीकडे चालू शकल्या.

सिस्टमटॅपच्या प्रोबची रचना अत्यंत साधी आहे. खुणेच्या जागी यंत्रभाषेत 'काही करू नये' अशा अर्थाची एकच सूचना पडते. त्याच वेळी एल्फ फाईलच्या एका स्वतंत्र टिपण-विभागात प्रोब पुरवणाऱ्याचे नाव, प्रोबचे नाव, त्याचा पत्ता आणि त्याची आर्ग्युमेंट कोणत्या रजिस्टरमध्ये अथवा स्मृतीत सापडतील याचे वर्णन नोंदवले जाते. कोणी पाहत नसेल तेव्हा प्रोबचा भार जवळजवळ शून्य असतो. विशेष म्हणजे डीबगसाठीची माहिती काढून टाकलेल्या फाईलमध्येही हा विभाग टिकून राहतो. जीडीबी तो वाचून प्रोबची यादी दाखवतो, नावावरून ब्रेकपॉइंट लावू देतो आणि प्रोग्राम तेथे थांबल्यावर कमाल बारा आर्ग्युमेंट विशेष चलांमधून उपलब्ध करून देतो.

सामर्थ्य : नावाचे टिकाऊपण
ओळ-क्रमांकावर लावलेला ब्रेकपॉइंट पुढच्या आवृत्तीत भलत्याच ठिकाणी पडतो. फंक्शनवर लावलेला ब्रेकपॉइंट कंपायलरने ते फंक्शन दुसऱ्यात विरघळवून टाकल्यास निरुपयोगी ठरू शकतो. प्रोबचे नाव मात्र ओळीचे किंवा फंक्शनचे नसून घटनेचे असते. याची उत्तम साक्ष खुद्द जीडीबीच्या अंतर्गत व्यवहारात मिळते.

सी भाषेतील लाँगजंप हे फंक्शन प्रोग्रामला पूर्वी नोंदवलेल्या जागी एकदम परत नेते. एकेक ओळ पुढे जाणाऱ्या डीबगरला ही उडी कोठे जाणार हे आधी कळले नाही, तर प्रोग्राम त्याच्या हातून निसटतो. जीलिबसी या ग्रंथालयाने सुरक्षिततेसाठी उडीचा पत्ता गुप्त संख्येशी मिसळून साठवण्यास सुरुवात केल्यावर डीबगरचा जुना मार्ग बंद झाला. यावर तोडगा निघाला तो प्रोबमुळे. जीलिबसीमध्ये 'लाँगजंप' नावाचा प्रोब ठेवला गेला आणि त्याच्या तिसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये उडीचा खरा पत्ता मिळू लागला. ग्रंथालयाने आपली अंतर्गत रचना झाकून ठेवली, परंतु निरीक्षकाला आवश्यक तेवढे सांगितले. सामायिक ग्रंथालये चढवणाऱ्या लोडरमध्येही असेच घडले. पूर्वी तेथे थांबण्याची एकच जागा होती व प्रत्येक वेळी संपूर्ण यादी पुन्हा वाचावी लागे. नवे काय चढले हे प्रोबकडून कळू लागल्यावर केवळ वाढीव भाग वाचणे शक्य झाले. सी++ भाषेतील अपवाद फेकले व झेलले जाण्याचे क्षणही प्रमाण ग्रंथालयातील प्रोबमुळे डीबगरला अधिक तपशिलाने पाहता येतात.

या तिन्ही उदाहरणांत वेगाचा प्रश्न फक्त लोडरच्या बाबतीत आहे, आणि तेथेही प्रोबने दिलेली नेमकी माहिती हेच वेग वाढण्याचे कारण आहे.

मर्यादा :
पहिली मर्यादा आर्ग्युमेंटच्या मुकेपणाची. टिपणात आर्ग्युमेंटचा आकार, चिन्ह व जागा नोंदवली जाते. त्याचे नाव आणि प्रकार नोंदवले जात नाहीत. परिणामी वापरणाऱ्याला 'शून्यावे', 'पहिले', 'दुसरे' असे आकडेच दिसतात आणि दुसऱ्या क्रमांकाचे आर्ग्युमेंट म्हणजे पत्ता की संख्या हे दस्तऐवजात अथवा मूळ मजकुरात शोधावे लागते. घटनेला नाव द्यायचे आणि तिच्या तपशिलाला अनामिक ठेवायचे, ही या रचनेतील मूलभूत विसंगती आहे.

दुसरी मर्यादा डीबगरच्या दृष्टीची. जीडीबीच्या लेखी प्रोब म्हणजे ब्रेकपॉइंट लावण्याची आणखी एक जागा. तेथे प्रोग्राम थांबतो. आणि अनेक थ्रेडच्या परस्पर वेळेवर अवलंबून असणारा दोष तर प्रोग्राम थांबताच दिसेनासा होऊ शकतो. तेच टिपण वाचणारी बीपीएफट्रेससारखी साधने प्रोग्राम डीबगरप्रमाणे न रोखता नोंदी घेतात. म्हणजे खूण एकच, परंतु तिचा उपयोग पाहणाऱ्याच्या कुवतीवर ठरतो.

तिसरी मर्यादा उपलब्धतेची. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये किंवा २०१६ मध्ये आलेल्या पायथन ३.६ पासून पायथनमध्ये प्रोब आहेत. मात्र ते बांधणीच्या वेळी विशेष पर्याय दिला तरच फाईलमध्ये उतरतात. एका यंत्रावर सापडणारा प्रोब दुसऱ्या यंत्रावर नसणे त्यामुळे शक्य आहे.

चौथी आणि सर्वांत गंभीर मर्यादा वचनाची आहे. प्रोबचे नाव एकदा प्रसिद्ध झाले की इतर साधने त्यावर विसंबतात. पण हे वचन कोण व किती काळ पाळणार, याविषयी यंत्रणेत कोणतीही तरतूद नाही. मायएसक्यूएलने आपल्या सर्व्हरमधील डीट्रेस प्रोब ८.० या आवृत्तीत काढून टाकले, हे येथे लक्षात घ्यावे लागेल. देखभालीचा भार पाहता असा निर्णय समजण्यासारखा असला, तरी त्या नावांवर उभारलेल्या लिपी त्या क्षणी निरर्थक झाल्या. शिवाय कोणती घटना नावाला पात्र आहे हे लिहिणाराच ठरवतो. त्याने ज्या संकटाची कल्पना केली नाही, तेथे प्रोबही नसतो. आणि दोष तर बहुधा अशाच जागी दडलेला असतो. म्हणूनच स्टॅटिक प्रोब हा ब्रेकपॉइंटला पर्याय नसून पूरक आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने विचार :
विद्यार्थी दोष शोधताना ठिकठिकाणी छापण्याच्या सूचना पेरतो आणि दोष सापडला की त्या पुसून टाकतो. त्याबरोबर त्याने मिळवलेले ज्ञानही पुसले जाते. पुढे तोच प्रोग्राम वाचणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून शोध घ्यावा लागतो. स्टॅटिक प्रोब म्हणजे विचारपूर्वक ठेवलेली, न पुसलेली अशी सूचनाच होय. प्रात्यक्षिकाच्या तासाला विद्यार्थ्याने स्वतःच्या प्रोग्राममध्ये तीन-चारच प्रोब ठेवावेत आणि त्या निवडीचे समर्थन करावे, एवढी अपेक्षा ठेवली तरी 'या प्रोग्राममध्ये महत्त्वाचे काय घडते?' हा प्रश्न त्याला टाळता येणार नाही. आज्ञा पाठ करण्यापेक्षा या प्रश्नाचे शैक्षणिक मूल्य निश्चितच अधिक आहे.

समारोप :
स्टॅटिक प्रोब हा लिहिणारा आणि पाहणारा यांच्यातील लेखी करार आहे. जीडीबीने तो वाचण्याची सोय केली आणि स्वतःच्या अंतर्गत कामात त्याचा फलदायी उपयोगही करून दाखवला. परंतु आर्ग्युमेंटना नाव व प्रकार मिळत नाहीत, प्रोग्राम न रोखता नोंद घेण्याची वाट डीबगरमध्ये सुलभ होत नाही आणि नावे टिकवण्याची जबाबदारी कोणी स्पष्टपणे स्वीकारत नाही, तोपर्यंत हा करार एकतर्फीच राहील. भावी निरीक्षकाची आठवण ठेवून प्रोग्राम लिहिण्याची सवय जडवणे, हे या साधनाचे खरे योगदान मानावे लागेल.